साडेचारची खिडकी

२२ जानेवारी २००५, शनिवार

आज रेडी गावात माझी उरलीसुरली अब्रू गेली. सत्यवान गुरुजी पुतणीसाठी स्थळं बघायला आले होते. मोठ्या हौसेने खुर्चीत बसले, चष्मा पुसला, आणि मी पान उघडते तोच पडद्यावर एक बाई उडी मारून आली. अंगावर कापड म्हणाल तर हातरुमालाएवढं. ती खिडकी बंद केली तर दुसरी बाई. दुसरी बंद केली तर एकदम तीन. गुरुजी छताकडे बघत म्हणाले, "विनू, तुझ्या ह्या दुकानात कोण कोण रवतत गो?"

मी सरळ प्लगच ओढला. तीन संगणक, एक फोनची लाइन आणि बँकेला तोंड देणारी मी, एवढ्यावर चाललेलं हे इंटरनेट सेंटर. त्यात ह्या न बोलावलेल्या खिडक्या. भीक नको पण कुत्रा आवर अशी गत झाली आहे.

२ फेब्रुवारी, बुधवार

सावंतवाडीहून नवी सीडी आणून तिन्ही संगणकांवर चढवली. अख्खा दिवस गेला, पण सोनं झालं. आता विचारल्याशिवाय कोणी खिडकी उघडायला गेलं तर ती उघडतच नाही. पडद्याच्या वरच्या अंगाला एक पिवळी पट्टी येते आणि 'टक' असा आवाज होतो, दार बोटाने वाजवावं तसा. बस्स. वाजव बाबा, मी काही उघडत नाही.

बाबांना कौतुकाने दाखवलं. ते होडीवरून आलेले, अंगाला माशांचा वास. म्हणाले, "म्हणजे राखणदार बसयलंस." तसंच म्हणायला हरकत नाही. गावच्या वेशीवर राखणदार, माझ्या दुकानात ही पट्टी.

९ फेब्रुवारी, बुधवार

राखणदार जरा जास्तच कडक निघाला. रेल्वेचं तिकीट निघतं ते वेगळ्या छोट्या खिडकीत. तेही अडवलं. दोन मुंबईकर माझ्या नावाने खडे फोडून गेले. बारावीचे निकाल लागतील तेव्हा तर मार खायची वेळ येईल.

मग सेटिंगमध्ये शिरून शोधलं. एक यादी असते. ज्या साइटला परवानगी द्यायची तिचा पत्ता त्यात घालायचा, म्हणजे तिच्या खिडक्या सुखाने उघडतात. शिवाय अडवणुकीच्या तीन पायऱ्या आहेत. आवाज हवा की नको, पट्टी हवी की नको, त्यालाही वेगवेगळे चौकोन. मी यादीत रेल्वे घातली, बोर्डाचा निकाल घातला, आणि खलाशांची ती निरोपांची साइट घातली. तिच्यावर कोणी निरोप लिहिला की तळहाताएवढी खिडकी आपोआप उघडते. बंद केली की लिहिलेलंही गेलं. माझा धाकटा भाऊ, आमचा देवेश, बोटीवर चढल्यापासून तिच्यावरूनच बोलतो. तो यादीत नसेल तर यादी कशाला हवी?

११ एप्रिल, सोमवार

सकाळी दुकान उघडून लाइन जोडायच्या आधी देवेशचा फोन. म्हणाला, "ताई, तुझो फोन लागणा म्हणजे देवाचो कौल गो, गावलो तर गावलो." खरंच आहे. दिवसभर लाइन इंटरनेटला जुंपलेली, करणाऱ्याला सदा गुंतलेलीच मिळते. घरी फोन नाही.

तब्येत बरी आहे म्हणाला. पुढच्या बंदरात शुक्रवारी सुट्टी असते, माणसं खलाशांना भेटायला बोटीवर येतात म्हणे. तिथे पोचल्यावर नोकरी देणारा मुंबईचा एजंट कदाचित दुसऱ्या बोटीवर घालील, ती बोट म्हातारी आहे म्हणे. मी म्हटलं, "बोट म्हातारी आसांदे नायतर तरणी, तू वेळेर जेव." बाबांचं विचारलं त्याने. बाबा बोलत नाहीत का अजून, म्हणून. मी म्हटलं, त्यांचं डोकं थंड व्हायला वेळ लागतो, तुला माहीत आहे. खोटं नाही बोलले. नोव्हेंबरात तो घरची होडी सोडून निघाला तेव्हा बाबा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले होते, "गेलस तर परत ह्या घरात पाय ठेवू नको." तोही हट्टी, हेही हट्टी. कोणाचं ऐकायचं नाही ही देवेशची जन्माची खोड.

प्रिंटरची शाई संपली. वेंगुर्ल्याला सांगायला हवं.

१७ मे, मंगळवार

मुंबईहून एजंटाच्या माणसाचा फोन. जहाज बुडालं. चौदा माणसं होती. कोणी वाचलं नाही. देवेशचं नाव यादीत आहे.

१८ मे

काही लिहायचं नाही.

३ जून, शुक्रवार

आरोंद्याच्या शंकरचं प्रेत आलं. तो आणि देवेश एकाच दिवशी एकाच एजंटाकडून गेले होते. बाबा जाऊन आले. चेहरा ओळखू येत नव्हता, बोटातल्या अंगठीवरून घरच्यांनी ओळखला. आमच्याकडे ना प्रेत ना अंगठी. एक छापील कागद तेवढा आला, त्यावर चौदा नावं, आमचं अकरावं.

बाबा आल्यापासून पडवीत बसून आहेत. काशीबाई, आमची शेजारीण, मासे विकून परत येताना त्यांच्यापाशी थांबली. तिला म्हणाले, "मीच सांगललंय त्येका, येव नको म्हणान." तिने टोपली उतरवली आणि पायरीवर बसली. 

२४ जून, शुक्रवार

आज आईला दवाखान्यातून घरी आणलं. कोणा शहाण्याने तिला सांगितलं की देवेशसारखा पोरगा वास्कोला बंदरात दिसला. झालं. दोन दिवस ती भर पावसात एसटीच्या थांब्यावर बसून होती. प्रत्येक गाडीतून उतरणारं तोंड बघायची. तिसऱ्या दिवशी तिथेच कोसळली. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, असला धक्का पुन्हा बसला तर माझ्या हातात काही नाही.

म्हणजे आशेनेच माझी आई मरता मरता वाचली. मी कानाला खडा लावला. यापुढे ह्या घरात कोणी खोटी आशा आणली तर त्याला मी दारातूनच परत पाठवीन.

१९ ऑगस्ट, शुक्रवार



नारळी पौर्णिमा. बाबा नारळ घेऊन किनाऱ्यावर गेले पण पाण्यात उतरले नाहीत, लांबूनच वाहून आले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. माझ्या संगणकावर खलाशांची ती साइट उघडी होती. ती मी रोज सकाळी उघडते आणि संध्याकाळी बंद करते. मे महिन्यापासून. कशासाठी ते विचारू नये. बंद ठेवायला हात धजत नाही, एवढंच.

साडेचार वाजता ती छोटी खिडकी आपोआप उघडली. वर देवेशचं नाव. खाली इंग्रजी अक्षरांत, तो लिहायचा तसंच:

"ताई, आसस?"

मी दगड होऊन बसले. पाच मिनिटं असेल, दहा असेल. मग खिडकीत 'गेला' अशी खूण आली. मी ती बंद केली. नंतर वाटलं बंद करायला नको होती, कागदावर छापून ठेवायला हवी होती. नंतर वाटलं, छापून कोणाला दाखवणार होते मी?

२० ऑगस्ट, शनिवार

शांतपणे विचार केला. टपाल अडकून पडतं तसा एखादा जुना निरोप कुठेतरी अडकून पडला असेल, तो आता सुटला. एवढंच. मी संगणक शिकलेली बाई आहे. भुताखेतांच्या गोष्टी काशीबाईला शोभतात.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

पुन्हा. साडेचार.

"ताई, आसस? फोन लागणा नाय."

एकच ओळ. सात मिनिटं वाट बघितल्यासारखी खिडकी उघडी राहिली आणि मग तो गेला. फोन लागणार कसा रे, तू आहेस कुठे?

२७ ऑगस्ट, शनिवार

रात्रभर एकच विचार. तो जिवंत असेल तर? हे शब्द लिहितानासुद्धा आईचं थांब्यावरचं तोंड दिसतं. सकाळी लाइन जोडायच्या आधी एजंटाला फोन लावला. सगळं सांगितलं. त्याने फोनवर हात ठेवून कोणाशी तरी बोलून घेतलं. मग म्हणाला, "बाई, जहाजाबरोबर सगळे गेले. नावं सरकारदरबारी नोंदली गेली आहेत. तुमच्या भावाचा पासवर्ड कोणीतरी चोरलाय. त्या खिडक्या उघडूच देऊ नका, त्यातून संगणकात व्हायरस शिरतात. आणि हे इकडेतिकडे बोलू नका, तुमच्या आईसाहेबांना त्रास होईल."

आईचा विचार परक्या माणसाला सुचला, मला नाही. बरं वाटलं त्याचं बोलणं ऐकून. म्हणजे बरं नाही, पण पाय टेकले.

२ सप्टेंबर, शुक्रवार

पासवर्ड चोरणाऱ्याला मालवणी येतं का?

"पाणी संपला. चार दिस."

आज मी घाबरले. खिडकी बंद करून बाहेर आले तर काशीबाई पायरीवर टोपली ठेवून बसली होती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झाला गो? भूत बघल्यासारख्या दिसतंस." मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं तिला.

ती हसली नाही. म्हणाली, "पाणीच मागतलो तो. खाऱ्या पाण्यात गेललो माणूस तानेन मरता. तू ओ दिलंस?"

"नाय."

"ओ देव नको. एके हाकेक कधी ओ देव नये. माणूस असलो तर एकाच बसणीक तीनदा हाक मारता. तां एकदाच मारता नि गप रवता. तू ओ दिलंस की तुझ्या वांगडा इला."

ओ दिली की ते आपल्यासोबत घरात येतं, लहानपणी आईही हेच सांगायची. तिन्हीसांजेला कोणी अंगणातून हाक मारली तर आम्ही दोघं तोंडावर हात दाबून मोजत बसायचो, दुसरी येते का, तिसरी येते का. तीन झाल्यावरच धावायचो. आज मला हसू यायला हवं होतं.

घरी आल्यावर आईच्या नकळत पडवीच्या कोपऱ्यात एक तांब्या भरून ठेवला.

५ सप्टेंबर, सोमवार

काशीबाई सांगत आली. काल रविवारी तिन्हीसांजेला माझ्या बंद दुकानात फोन वाजत होता. खूप वेळ. थांबला, पुन्हा वाजला. तिचं घर दुकानाच्या पाठीला आहे, तिला सगळं ऐकू येतं. तिने कानात बोटं घातली आणि रामनाम घेतलं. म्हणाली, "कुलूप लावलेल्या दुकानात कोण कोणाक फोन करतलो गो?"

खरंच, कोण करील? सगळ्या गावाला माहीत आहे रविवारी बंद असतं.

९ सप्टेंबर, शुक्रवार

घरी गणपती आहेत, दुखवट्यामुळे आरास नाही, मूर्ती तेवढी बसवली. मी दुकानात जाणार नव्हते. पण चार वाजले आणि पाय आपोआप निघाले.

"गणपती इले गो? हय काळोख आसा. लाइट नाय. पोटात काय नाय."

जुना अडकलेला निरोप नव्हे हा. गणपतीचं त्याला माहीत आहे. मी तोंडावर हात दाबून मोजत बसले. एक. फक्त एक. दुसरी हाक आली नाही. तो दहा मिनिटं होता तिथे, मी पडद्यावर हात ठेवून होते. देवेश, बाळा, मी इथेच आहे रे, पण तुला ओ देता येत नाही मला.

शुक्रवारच का, हे मला सुचलं येताना. आई शुक्रवार धरते. त्याच्यासाठीच धरायची, परीक्षेला बसला तेव्हापासून. तेवढी वाट त्याला ठाऊक असणार.

११ सप्टेंबर, रविवार

बाबांना कळलं. काशीबाईच्या पोटात गोष्ट राहणं कठीणच होतं. मला वाटलं बाबा ओरडतील. ते फक्त म्हणाले, "काय काय सांगता तो?" मी सांगितलं. तहान, भूक, काळोख. बाबा खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

मग आम्ही दोघं देवळात गेलो. गुरवाने देवीच्या अंगावर पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. बाबांनी विचारायला लावलं, पोरगा घराक येतलो काय? उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बराच वेळ काही पडेना. समईची वात दोनदा सारली. मग डावी पडली.

आता कागदही तेच म्हणतो, एजंटही तेच म्हणतो आणि देवीही तेच म्हणते. माझ्या एकटीच्या मनाला काय वाटतं त्याला किती किंमत द्यायची?

१२ सप्टेंबर, सोमवार

भटजी येऊन गेले. प्रेत नाही म्हणून क्रिया नाही, क्रिया नाही म्हणून गती नाही, म्हणून तो भुकेला तहानलेला फिरतोय. पितृपक्षात पालाशविधी करायचा. पळसाच्या तीनशे साठ पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. चोविसाव्या तारखेला सुरुवात, अमावास्येला दहावा.

तोवर त्याला घरात बोलवल्यासारखं काही करू नये म्हणाले. मी दुकानात गेले, सेटिंग उघडलं आणि परवानगीच्या यादीतून त्याची साइट काढली. काढायच्या बटणावर दोनदा बोट ठेवून उचललं.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

साडेचार. खिडकी आली नाही. पिवळी पट्टी आली आणि 'टक'.

त्या पट्टीवर बोट ठेवलं की खिडकी उघडते. एवढंसं अंतर. मी खुर्चीवरून उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. आतून आणखी एक टक ऐकू आला. मग काही नाही.

दोन. बाहेरून एसटी चालली होती, तिच्या आवाजात तिसरा बुडाला की झालाच नाही, देव जाणे.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

आज दुकान उघडल्याबरोबर आवाजाचा चौकोन रिकामा केला. पट्टीचाही रिकामा केला. अडवणूक सगळ्यात वरच्या पायरीला नेली. आता कोणी आलं तरी मला कळणार नाही. साडेचारला मी संजनाला, काशीबाईच्या नातीला, टायपिंग शिकवत बसले. घड्याळाकडे पाठ करून. 

तिने मधेच विचारलं, "ताई, खिडकी अडवली तर बाहेरच्याला कळतं का?" मी म्हटलं, नाही, त्याला वाटतं आपण बघतोय आणि बोलत नाही. म्हटलं आणि तिला तेच अक्षर पुन्हा पुन्हा टाइप करायला लावलं.

२४ सप्टेंबर, शनिवार

पानं मीच मोजली. तीनशे साठ. पोटाच्या जागी, हातांच्या जागी, भटजी सांगतील तशी मांडली. डोक्याच्या जागी नारळ. बाबांनी त्याचा शाळेतला शर्ट त्यावर घातला, तो लहान होत होता. आईला आतल्या खोलीत ठेवलं होतं तरी ती बाहेर आली आणि म्हणाली, "एवडो बारीक झालो?" पानांच्या माणसाकडे बघून.

बाबांनी अग्नी दिला.

३ ऑक्टोबर, सोमवार, अमावास्या

दहावा झाला. कावळा शिवला नाही.

बारा वाजल्यापासून बसलो होतो. कावळे होते, माडावर चांगले सात-आठ बसले होते. खाली बघायचे आणि उडून जायचे. बाबांनी हात जोडून सांगितलं, तुझ्या आवशीक सांभाळीन. नाही आला. आमची होडी तुझ्या नावाने करीन. नाही आला. शेवटी बाबा म्हणाले, "माजा चुकला. मी बोलाक नको होतंय." तरी नाही. तीन वाजता भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

परत येताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "कोणीतरी त्याला धरून ठेवलंय. तो जायला तयार नाही, कारण मागे कोणीतरी वाट बघतंय हे त्याला कळतं. तू ते दार बंद केलंस, पण निरोप दिला नाहीस. एकदा समोर घे आणि सांग. मायेनं बोलू नकोस, मायेनं बोललीस की अडकेल. गेलास, मेलास हेही म्हणू नकोस, तो बावरेल. तोडून सांग, इथे तुला जागा नाही. परत ये म्हणेल, घरी येतो म्हणेल. बधू नकोस."

आणि हाकेचं काय, म्हणून विचारलं. ते म्हणाले, आता क्रिया झाली, आता भय नाही.

६ ऑक्टोबर, गुरुवार

माझ्याच्याने हे होणार नाही. एजंटाला पुन्हा फोन लावून बघितला. नंबर अस्तित्वात नाही असं बाई सांगते. बहुतेक कचेरी दुसरीकडे हलवली असेल.

आई रात्री झोपेत उठून दार उघडते. परवा डॉक्टर म्हणाले, हे असं चाललं तर दिवाळी बघणार नाही. एक भाऊ गेला. आई जायला नको. उद्या बोलते.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानाला आतून कडी लावली. साडेतीनलाच सेटिंगमध्ये जाऊन त्याची साइट यादीत पुन्हा घातली. मग नुसती बसून राहिले. पडदा काळा व्हायला लागला की माउस हलवायचा, पुन्हा बसायचं.

चार पस्तीसला खिडकी उघडली. जसं झालं तसं लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला शंका यायला नको.

"ताई, आसस?"

मी लिहिलं, "आसंय."

काहीच नाही. मग एकदम खूप अक्षरं आली, कळफलकावर हात आपटल्यासारखी, काही अर्थ नसलेली. मग, "ताई गो. किती हाको मारलंय."

मी काही लिहिलं नाही.

"आये कशी आसा?"

"बरी आसा."

"बाबा?"

"बरे आसत."

"सगळे बरे आसत मगे. माका वाटला काय तरी झाला. हय लय वायट आसा ताई. तीन जणा आजारी. माका घराक येवचा आसा. काय तरी कर."

भटजींनी सांगितलं होतं तसंच, अगदी तेच शब्द. माझे डोळे भरून आले होते, अक्षरं दिसत नव्हती. आईचं तोंड आठवलं आणि लिहिलं.

"देवेश, हय तुका जागो नाय. परत येव नको. हाक मारू नको. आता आमका सुखान रवांदे."

पाठवलं. त्या खिडकीत समोरचा लिहीत असला की एक पेन हलताना दिसतं. ते हलायला लागलं. थांबलं. पुन्हा हललं. पुन्हा थांबलं. असं चार-पाच वेळा झालं.

"ह्यां बाबांनी सांगल्यानी?"

देवा, मी काय लिहायला हवं होतं? बाबांची त्या दिवसाची माफी मला सांगायची होती, पिंडासमोर ते काय बोलले ते सांगायचं होतं. पण ती माया झाली असती. मायेने तो अडकला असता.

"व्हय," मी लिहिलं. "बाबांनी."

बराच वेळ पेन हललंच नाही. मला वाटलं गेला. चार सत्तेचाळीसला एक ओळ आली.

"बरां. मी इचारलंय म्हणान आयेक सांग नको."

आणि खिडकी आपोआप बंद झाली. मी पडद्याला डोकं टेकून रडले. आमच्या भांडकुदळ देवेशने एका शब्दाने वाद घातला नाही. मरणाने माणूस किती शहाणा होतो!

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

चारपासून बसले होते. साइट यादीत ठेवली होती, आवाजाचा चौकोन भरला होता, सगळी दारं उघडी. साडेचार झाले, पाच झाले, साडेपाच. कोणी आलं नाही. काशीबाई म्हणाली, आठवडाभर दुकानात फोनही वाजला नाही.

बाबा पाच महिन्यांनी होडी घेऊन गेले. आईने त्यांनी आणलेल्या माशांची, सौंदाळ्यांची आमटी केली आणि स्वतः दोन घास जास्त खाल्ले. रात्री दार उघडायला उठत नाही आता. घर हलकं झालंय. भटजींना शिधा पोचवला पाहिजे.

जाता जाता ती साइट यादीतून काढून टाकली. आज बटणावर बोट अडखळलं नाही. जन्मभर कोणाचं म्हणून ऐकलं नाही पोराने, माझं मात्र पहिल्याच सांगण्यात ऐकलं.